मोतीबिंदू शस्त्रक्रियेच्या यशाचे मोजमाप : एक ऐतिहासिक परामर्श

प्रस्तावना

मोतीबिंदूवरील शस्त्रक्रिया ही मानवाला ज्ञात असलेल्या अतिप्राचीन शस्त्रक्रियांपैकी एक होय. तिचा इतिहास बहुधा साधनांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. आधी शलाका आली, मग सुरी, मग कृत्रिम भिंग आणि शेवटी ध्वनिलहरींचे यंत्र, असा तो क्रम असतो. प्रस्तुत निबंधात याच इतिहासाकडे वेगळ्या प्रश्नाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. शस्त्रक्रिया 'यशस्वी झाली' हे निरनिराळ्या काळी कोणी ठरविले, आणि ते शस्त्रक्रियेनंतर किती दिवसांनी ठरविले? या प्रश्नाचे उत्तर जसजसे बदलत गेले, तसतशी शस्त्रक्रियाही बदलत गेली, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

शलाकेचा काळ : तत्काळ यश, विलंबित उपद्रव

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 'लिंगनाश' या दृष्टिविकाराचे वर्णन असून कफज लिंगनाशावर शलाकेने करावयाची क्रिया सांगितली आहे. रुग्णाला आकृती दिसू लागल्यावर शलाका हळूच काढून घ्यावी, डोळ्यावर तुपाची घडी ठेवून पट्टी बांधावी, रुग्णाने उताणे पडून राहावे आणि शिंक, खोकला, ढेकर यांपासून जपावे, असे तपशीलवार निर्देश तेथे आढळतात. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, वेध चुकीच्या जागी झाल्यास अथवा शलाका सदोष असल्यास कोणते उपद्रव उद्भवतात, याचीही चर्चा ग्रंथकाराने केली आहे. कृतीबरोबर तिच्या अपयशाची नोंद करण्याची ही दृष्टी लक्षणीय आहे.

ही क्रिया नेमकी कोणती होती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि पुढे भारतात, अरब प्रदेशांत व युरोपात शतकानुशतके रूढ राहिलेल्या पद्धतीत गढूळ झालेले भिंग सुईने मागे व खाली ढकलले जाई. भिंग डोळ्याबाहेर निघत नसे. केवळ बाहुलीच्या मार्गातून बाजूला सरे. प्रकाशाचा मार्ग मोकळा झाल्याने रुग्णाला त्याच क्षणी दिसू लागे. परंतु डोळ्यात सुटे राहिलेले भिंग पुढे दाह, काचबिंदू आणि अखेरीस कायमचे अंधत्व यांना कारण ठरे. फिरता वैद्य तोपर्यंत पुढच्या गावी गेलेला असे.

थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख याच्यावर १७५० साली लाइपझिग येथे जॉन टेलर या फिरत्या इंग्रज नेत्रवैद्याने दोनदा शस्त्रक्रिया केली. बाखची दृष्टी परतली नाही आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये त्याचे निधन झाले. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख राहिलेले रॉबर्ट हेन्री इलियट यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी भारतातील सुईने मोतीबिंदू पाडण्याच्या प्रथेवर ग्रंथ लिहिला. वैद्य निघून गेल्यानंतर रुग्णालयात आलेले डोळे त्यांनी तपासले आणि विलंबित उपद्रवांचे चित्र प्रथमच व्यवस्थितपणे समोर ठेवले. वैद्य ज्याला यश म्हणत होता, त्याचेच अपयश काही महिन्यांनी रुग्णालयाच्या दारी येत होते.

नोंदींचा प्रारंभ

१७४७ मध्ये फ्रेंच शल्यविशारद झाक दाव्हिएल यांनी भिंग बाजूला न सारता छेद घेऊन बाहेर काढण्याची पद्धती अवलंबिली. त्यांनी सादर केलेल्या वृत्तान्तात ११५ शस्त्रक्रियांपैकी १०० यशस्वी झाल्याचे नमूद आहे. आकड्यांइतकेच येथे मोल आहे ते हिशेब मांडण्याच्या वृत्तीचे. उरलेल्या पंधरांचा उल्लेख करण्याची तयारी त्यात आहे.

याच वृत्तीचा एक दुवा मराठी इतिहासाशी जोडलेला आहे. तंजावरचे मराठे राजे शरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांना नेत्रवैद्यकात विशेष रस होता. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांची वृत्तान्तपत्रे व रोगग्रस्त डोळ्यांची रंगीत चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाली आहेत. राज्यसत्ता इंग्रजांच्या हाती गेलेल्या एका राजाने रुग्णाच्या डोळ्याची नोंद ठेवण्याजोगी गोष्ट मानली, ही घटना दक्षिणेतील मराठ्यांच्या सांस्कृतिक इतिहासात अधिक अभ्यासाची वाट पाहत आहे.

१८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करण्याची रीत दाखविली. जंतुनाशक उपायांचा प्रसारही त्याच सुमारास होत होता. यामुळे शस्त्रक्रिया सुसह्य व अधिक सुरक्षित झाली. पंजाबात जालंधर येथे हेन्री स्मिथ यांनी आवरणासह संपूर्ण भिंग दाबून बाहेर काढण्याच्या पद्धतीने हजारो शस्त्रक्रिया केल्या. ती पाहण्यासाठी परदेशी शल्यविशारद जालंधरला येत. मात्र या पद्धतीत डोळ्यातील काचद्रव बाहेर येण्याचा धोका होता आणि त्यावरून मोठा वाद झाला.

जाड भिंगाचा चष्मा

भिंग काढल्यावर डोळ्यात काहीच बसविले जात नसे. त्याची भरपाई सुमारे दहा डायोप्टर शक्तीच्या जाड चष्म्याने करावी लागे. या चष्म्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठ्या दिसत, कडेचे दृश्य हरवे, पायरीचा अंदाज चुके. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असल्यास दोन डोळ्यांतील प्रतिमा जुळत नसत. शिबिराच्या नोंदवहीत असा रुग्ण 'यशस्वी' असे. पण शेतात किंवा घाटावर चष्मा फुटला, की तो पुन्हा जवळजवळ अंध होई. मोजमाप शस्त्रक्रियेचे होत होते, दृष्टीचे नव्हे.

रिडली यांचे भिंग

या उणिवेवरचा उपाय लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी शोधला. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या छताच्या ॲक्रिलिकचे तुकडे वर्षानुवर्षे दाह न करता राहतात, हे त्यांच्या निदर्शनास आले होते. भिंग काढलेले पाहून, त्या जागी दुसरे बसविणार नाही का, असे एका विद्यार्थ्याने विचारल्याचाही उल्लेख या इतिहासात नेहमी येतो. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी रिडली यांनी पहिल्या रुग्णावर शस्त्रक्रिया केली आणि भिंग फेब्रुवारी १९५० मध्ये कायमचे बसविले.

पहिल्याच शस्त्रक्रियेने एक धडा दिला. भिंग डोळ्यात टिकले, पण रुग्ण स्त्रीला अठरा डायोप्टरहून अधिक निकटदृष्टी आली. नैसर्गिक भिंगाची वक्रता ॲक्रिलिकमध्ये उतरविताना त्या पदार्थाच्या अधिक वक्रीभवनाचा हिशेब चुकला होता. पुढील रुग्णांत भिंग निसटणे, दाह, काचबिंदू हे उपद्रव दिसले. काही भिंगे काढावी लागली. डोळ्यात बाहेरची वस्तू मुद्दाम ठेवण्याची कल्पनाच अनेक मातब्बर तज्ज्ञांना अमान्य होती.

१९५० च्या दशकात भिंग बुबुळाच्या पुढे बसविण्याचे प्रयोग झाले. ते बसविणे सोपे होते. परंतु काही वर्षांनी डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा निकामी होऊ लागला आणि अशी अनेक भिंगे काढावी लागली. अपयशाची कारणे काळजीपूर्वक नोंदविली गेल्यामुळेच १९७० च्या दशकात भिंग पुन्हा बुबुळामागे, म्हणजे रिडली यांनी निवडलेल्या जागी आले. १९६७ मध्ये चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची रीत आणली व छेद लहान झाला. डोळ्याची लांबी मोजून भिंगाची शक्ती ठरविण्याची सूत्रे रूढ झाली. भिंगामागचे आवरण पुढे धुरकटण्याचा उपद्रव लेसरने आटोक्यात आला. रिडली यांना २००० साली 'सर' ही पदवी मिळाली. पुढील वर्षी त्यांचे निधन झाले. उतारवयात त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतही कृत्रिम भिंगे बसविण्यात आली होती.

भारतीय संदर्भ

१९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी मदुराई येथे डॉ. गो. वेंकटस्वामी यांनी अरविंद नेत्र रुग्णालय स्थापन केले. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू नियंत्रण प्रकल्प राबविण्यात आला. शाळा-धर्मशाळांतील तात्पुरत्या शस्त्रक्रियागृहांऐवजी कायम रुग्णालयांत शस्त्रक्रिया आणि चष्म्याऐवजी भिंगरोपण, असा बदल या काळात घडला. १९९२ मध्ये मदुराई येथे सुरू झालेल्या ऑरोलॅबने भिंगे स्वस्त केल्याने तो गरिबांपर्यंत पोहोचला.

मात्र लक्ष्यपूर्तीचा आकडा प्रदीर्घ काळ शस्त्रक्रियांच्या संख्येतच मोजला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत १९९८ पासून दृष्टीचा आग्रह आला. उपलब्ध चष्म्यासह किमान ८० टक्के डोळ्यांना ६/१८ किंवा त्याहून चांगली दृष्टी असावी आणि ६/६० पेक्षा कमी दृष्टी ५ टक्क्यांहून कमी डोळ्यांत राहावी, असा तो निकष होता. हा निकष केवळ वरवर तांत्रिक आहे. तो पाळावयाचा तर रुग्णाला काही आठवड्यांनी पुन्हा बोलवावे लागते, त्याच्या भाड्याची सोय पाहावी लागते आणि न आलेल्याचा शोध घ्यावा लागतो.

ही जबाबदारी टळल्यास काय होते, याचे स्मरण २०१४ साली पंजाबातील गुरुदासपूर जिल्ह्यातील शिबिराने करून दिले. शस्त्रक्रियेनंतरच्या जंतुसंसर्गाने तेथे अनेक वृद्धांची दृष्टी गेली. वास्तविक शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात प्रतिजैविक सोडल्यास अशा संसर्गाचे प्रमाण सुमारे पाचपट घटते, असे युरोपातील एका मोठ्या चाचणीने २००७ पर्यंत दाखविले होते. ज्ञान उपलब्ध असणे आणि ते शेवटच्या रुग्णापर्यंत पोहोचणे, यांतले अंतर अद्याप पूर्णपणे मिटलेले नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, मोतीबिंदू शस्त्रक्रियेची प्रगती यशाच्या उत्सवापेक्षा उपद्रवांच्या नोंदींनी अधिक घडविली. जेथे शल्यविशारद रुग्णाकडे परत गेला, किंवा रुग्णाला परत येता आले, तेथे पद्धती सुधारली. जेथे पट्टी सुटताच हिशेब मिटविला गेला, तेथे तीच चूक पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली. शलाका आज संग्रहालयात गेली आहे. परंतु पट्टी काढल्याक्षणी दिसणाऱ्या प्रकाशालाच यश मानण्याचा मोह तिच्याबरोबर गेलेला नाही. रुग्णाला सहा महिन्यांनी, आपल्या घरी, आपल्या कामात किती दिसते, हाच या शस्त्रक्रियेच्या यशाचा खरा पुरावा होय.