क्लाउडवर आधीच सुरू असलेली यंत्रणा कोडमध्ये कशी आणतात? 'टेराफॉर्म इम्पोर्ट' म्हणजे काय?

एखाद्या कंपनीचं ॲप सुरू होतं तेव्हा सगळ्यांनाच घाई असते. कुणीतरी ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडवर लॉगिन करतं, माउसने दहा-बारा क्लिक करतं आणि सर्व्हर सुरू होतो. मग डेटाबेस, मग फोटो साठवायला जागा, मग फायरवॉलचे नियम. तीन-चार वर्षांनी हे सगळं उभं करणारा इंजिनीअर नोकरी बदलतो. ॲप सुरूच असतं, पण कोणता पोर्ट का उघडा ठेवलाय, कोणता सर्व्हर बंद केला तरी चालेल, हे सांगणारं कुणी उरत नाही.

या पद्धतीला आयटीवाले गमतीने 'क्लिकऑप्स' म्हणतात. त्यावरचा उपाय आहे 'इन्फ्रास्ट्रक्चर ॲज कोड'. नव्याने काही उभं करायचं असेल तर तो फार अवघड नाही. पण जे आधीपासून चालू आहे, ज्यावर आत्ता या क्षणी ग्राहक व्यवहार करत आहेत, ते बंद न करता कोडमध्ये कसं आणायचं?

आधी थोडं मूळ समजून घेऊया

इन्फ्रास्ट्रक्चर ॲज कोड म्हणजे कोणता सर्व्हर हवा, किती मोठा हवा, कोणत्या शहरातल्या डेटा सेंटरमध्ये हवा, हे सगळं एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं. ती फाइल वाचून प्रत्यक्ष काम करण्याची जबाबदारी सॉफ्टवेअरची. या क्षेत्रातलं सगळ्यात परिचित नाव म्हणजे टेराफॉर्म. हॅशीकॉर्प या अमेरिकी कंपनीने ते २०१४ मध्ये आणलं. एडब्ल्यूएसचं स्वतःचं क्लाउडफॉर्मेशन त्याआधी, २०११ पासून आहे.

टेराफॉर्म तीन गोष्टींची एकमेकांशी तुलना करतं. पहिली, तुम्ही लिहिलेला कोड. दुसरी, क्लाउडवर प्रत्यक्षात असलेली यंत्रणा. आणि तिसरी 'स्टेट फाइल', म्हणजे आपल्या ताब्यात काय काय आहे याची टेराफॉर्मने ठेवलेली नोंदवही.

ही तिसरी गोष्ट समजायला सातबारा आठवा. जमीन जागेवरच असते, पीकही उभं असतं, पण उताऱ्यावर नाव चढलेलं नसेल तर कागदोपत्री ती तुमची नाही. टेराफॉर्मचंही तसंच. क्लिक करून बनवलेला सर्व्हर स्टेट फाइलमध्ये नसेल, तर टेराफॉर्मच्या लेखी तो अस्तित्वातच नाही. इम्पोर्ट म्हणजे फेरफार नोंद. त्याने जमीन हलत नाही, फक्त कागदावर नाव चढतं.

इम्पोर्ट न करता नुसता कोड लिहिला तर?

टेराफॉर्मला वाटेल की ही वस्तू नव्याने बनवायची आहे. समजा तुमच्याकडे मुंबई रीजनमध्ये एस-थ्री बकेट आहे, म्हणजे फाइल साठवण्याची जागा. बकेटचं नाव दोनदा वापरता येत नाही, त्यामुळे टेराफॉर्म तेच बनवायला जाईल आणि एरर येईल. हे बरंच म्हणायचं. सर्व्हरच्या बाबतीत अशी अट नाही. तिथे निमूटपणे दुसरा सर्व्हर उभा राहतो आणि महिनाअखेरीस दोन सर्व्हरचं बिल येतं.

इम्पोर्ट होतं कसं?

ही सोय टेराफॉर्ममध्ये २०१६ साली, ०.७ या आवृत्तीत आली. तेव्हा कमांड द्यावी लागायची आणि तीही एकेका वस्तूसाठी. नोंद स्टेट फाइलमध्ये व्हायची, पण कोड मात्र हाताने लिहायचा. शंभर-दोनशे वस्तू असतील तर हे किती कंटाळवाणं होत असेल, याची कल्पना करा.

जून २०२३ मध्ये १.५ ही आवृत्ती आली आणि काम बरंच सुसह्य झालं. आता 'इम्पोर्ट ब्लॉक' कोडमध्येच लिहिता येतो. त्यात दोनच गोष्टी सांगायच्या. क्लाउडवरच्या वस्तूचा आयडी काय आणि कोडमध्ये तिला कोणत्या नावाने ओळखायचं. मग 'प्लॅन' ही कमांड चालवली की टेराफॉर्म काय करणार आहे ते आधी दाखवतं. हवं असेल तर कोडचा कच्चा मसुदाही तयार करून देतं. मोठा फायदा म्हणजे काहीही होण्याआधी सहकाऱ्याला हे सगळं तपासता येतं.

हा मसुदा मात्र जसाच्या तसा वापरू नये. त्यात सगळ्या सेटिंग्ज ओतलेल्या असतात, अगदी ज्यांची गरज नाही त्यासुद्धा, आणि काही तर एकमेकींशी विसंगत असतात. शिवाय डेटाबेसचा पासवर्ड त्यात येत नाही, कारण एडब्ल्यूएस तो परत सांगतच नाही. तो वेगळा हाताळावा लागतो.

बकेटचीही एक गंमत आहे. टेराफॉर्मच्या एडब्ल्यूएस प्रोव्हायडरची चौथी मोठी आवृत्ती २०२२ मध्ये आली. तेव्हापासून बकेट, तिचं व्हर्जनिंग, तिचं एन्क्रिप्शन हे वेगवेगळे घटक मानले जातात. म्हणजे 'एक बकेट आणायचीय' असं म्हणून बसलात तर तीन-चार इम्पोर्ट करूनच उठावं लागतं.

खरा धोका कुठे आहे?

बहुतेकांना भीती वाटते ती इम्पोर्टची. खरं तर इम्पोर्टने क्लाउडवर काहीच बदलत नाही. धोका त्यानंतर आहे. नोंद झाली म्हणजे ती वस्तू आता टेराफॉर्मच्या ताब्यात गेली. यापुढे तुमचा कोड आणि प्रत्यक्ष वस्तू यांत फरक दिसला, तर टेराफॉर्म कोडला खरं मानणार आणि वस्तू बदलायला निघणार.

डेटाबेसचं उदाहरण घ्या. एडब्ल्यूएसच्या आरडीएस सेवेत तुमचा डेटाबेस एन्क्रिप्टेड आहे. तुम्ही तो इम्पोर्ट केला, पण कोड हाताने लिहिताना एन्क्रिप्शनची ओळ राहून गेली. ओळ नाही याचा अर्थ टेराफॉर्म 'एन्क्रिप्शन नको' असा घेतं. आता चालू डेटाबेसचं एन्क्रिप्शन काढता येत नाही. मग टेराफॉर्मपुढे एकच मार्ग उरतो, जुना डेटाबेस डिलीट करायचा आणि नवा, रिकामा बनवायचा. प्लॅनमध्ये हे स्पष्ट दिसतं. उणे-अधिकचं चिन्ह असतं आणि शेजारी 'मस्ट बी रिप्लेस्ड' असे शब्द असतात. पण दोनशे ओळींच्या प्लॅनमध्ये ते नजरेतून निसटू शकतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी तर हमखास.

म्हणून अनुभवी लोक इम्पोर्टच्या प्लॅनमध्ये एकच गोष्ट शोधतात. इतके इम्पोर्ट, नवे शून्य, बदल शून्य, डिलीट शून्य. बदलांचा आकडा कधीकधी शून्यावर येत नाही, एखादा टॅग वगैरे जोडला जातो, आणि ते समजून-उमजून चालवून घेता येतं. डिलीटच्या जागी मात्र शून्याशिवाय दुसरा आकडा दिसला तर तिथेच थांबायचं.

आणखी दोन कुलपं लावता येतात. कोडमध्ये 'प्रिव्हेंट डिस्ट्रॉय' लिहिलं की ती वस्तू नष्ट करणारा प्लॅन टेराफॉर्म स्वतःच नाकारतं. पण कुणी तो पूर्ण ब्लॉकच कोडमधून काढून टाकला, तर हे कुलूपही त्याच्यासोबत जातं. त्यामुळे डेटाबेसवर एडब्ल्यूएसच्या बाजूचं 'डिलीशन प्रोटेक्शन'सुद्धा सुरू ठेवावं. दोन्ही लावा. एकावर विसंबण्यात अर्थ नाही.

स्टेट फाइल कुठे ठेवायची, हाही प्रश्न हलक्यात घेण्यासारखा नाही. तिच्यात पासवर्डसारखी माहिती साध्या अक्षरांत लिहिलेली असू शकते. ती कोडसोबत गिटमध्ये टाकणं म्हणजे घराची चावी दारालाच अडकवून जाणं. शिवाय एकच वस्तू दोन स्टेट फाइलमध्ये नोंदवू नये, नाहीतर दोन टीम एकमेकींचे बदल पुसत बसतात.

हे काम आपोआप होत नाही का?

काही प्रमाणात होतं. टेराफॉर्मर हे मोफत टूल अख्खं अकाउंट वाचून कोड आणि स्टेट दोन्ही तयार करतं. मायक्रोसॉफ्टचं ॲझ्युअरसाठी वेगळं टूल आहे. क्लाउडफॉर्मेशनमध्ये इम्पोर्टची सोय नोव्हेंबर २०१९ मध्ये आली आणि फेब्रुवारी २०२४ पासून त्यात आपोआप टेम्प्लेट बनवणारा जनरेटरही आहे. मात्र यंत्राने एका दमात काढलेला हजारो ओळींचा कोड कुणी वाचत नाही, आणि न वाचलेला कोड हा क्लिकऑप्सपेक्षा फारसा वेगळा नाही. थोडं थोडं, एकेक सेवा करत आणणं हळू असलं तरी जास्त शहाणपणाचं वाटतं.

हॅशीकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मचा परवाना बदलला, त्यातून ओपनटोफू हा खुला पर्याय निघाला. इम्पोर्ट ब्लॉक तिथेही तसाच चालतो.

चुकून नको ती वस्तू आणली तर?

अशा वेळी अनेक जण सहज कोडमधला तो भाग डिलीट करतात. हे करू नका. स्टेट फाइलमध्ये नोंद आहे आणि कोडमध्ये ती नाही, याचा अर्थ टेराफॉर्म 'ही वस्तू आता नष्ट करायची' असा लावतं. एप्रिल २०२४ मधल्या १.७ आवृत्तीपासून यासाठी 'रिमूव्ह्ड ब्लॉक' मिळतो. त्यात 'डिस्ट्रॉय' समोर 'फॉल्स' लिहायचं आणि पुन्हा प्लॅन चालवून बघायचा. नोंद निघून जाते आणि सर्व्हर जागेवर सुरू राहतो.