गर्भकालीन मधुमेह आणि वनस्पतिजन्य संयुगे

गरोदरपणात प्रथमच आढळणाऱ्या मधुमेहास गर्भकालीन मधुमेह म्हणतात. त्यावरील उपचारांसाठी वनस्पतिजन्य संयुगांचा अभ्यास केला जातो. दारुहळदीतील बर्बेरीन रक्तातील साखर कमी करते. परंतु त्यामुळे नवजात अर्भकाची कावीळ बळावून मेंदूला इजा होण्याचा धोका असल्याने गरोदरपणात ते टाळावे, असे सांगितले जाते. 'गॅलेगा ऑफिसिनॅलिस' या युरोपीय वनस्पतीतील गॅलेजीनही विषारी ठरले. त्याच्याशी रचनासाधर्म्य असलेले मेटफॉर्मिन मात्र १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले व पुढे औषध म्हणून रूढ झाले. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ७५१ गर्भवतींवरील चाचणीत (२००८) इन्सुलिनच्या तुलनेत त्याने अर्भकांतील गुंतागुंत वाढली नाही. तथापि सुमारे ४६ टक्के स्त्रियांना जोडीला इन्सुलिन द्यावे लागले. मेटफॉर्मिन वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. त्यामुळे संयुगाचा उगम वनस्पतीत असणे हा त्याच्या सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही.