एक्क्याचे वय

भाईंदरच्या ज्या चौकातून आम्ही रोज महाविद्यालयात जातो, तेथे गोपाळकाल्याच्या दिवशी हंडी क्रेनला टांगलेली असते. थर रचू लागले की बघे वरच्या मुलाकडे पाहतात. आमची नजर मात्र हल्ली तळाच्या खांद्यांकडे जाते.

धोका पत्करणाऱ्या माणसाचे मानसशास्त्र पश्चिमेत विस्ताराने लिहिले गेले. मार्व्हिन झुकरमन यांनी १९६४ मध्ये उत्तेजनाची ओढ मोजणारी मापनपट्टी मांडली. स्टीफन लिंग यांनी १९९० मध्ये विमानातून उडी घेणाऱ्यांच्या अभ्यासातून, स्वेच्छेने मृत्यूच्या काठावर जाऊन स्वतःवर ताबा ठेवण्यातले सुख उलगडले. दोघांच्याही विवेचनाच्या केंद्रस्थानी आपला धोका आपण निवडणारा एकटा प्रौढ माणूस आहे.

हंडीत हा माणूस सापडत नाही. वरचा प्रत्येक किलो तळापर्यंत उतरतो, म्हणून एकेकट्याचे थर, म्हणजे एक्के, हलक्या अंगाचे लागतात आणि सर्वांत वर मूल येते. भार तळाचे सोसतात, उंचीवरून पडतो तो बाळगोविंदा. आणि किती थर लावायचे हे तो ठरवीत नाही. २०१२ साली ठाण्यात जय जवान पथकाने नऊ थर रचले तेव्हा ती उंची ४३.७९ फूट भरली!

न्यायालयांना नेमके येथेच थांबावे लागले. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील मुलांना मनाई करून उंचीला वीस फुटांची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती कायम ठेवली. २०१७ मध्ये उच्च न्यायालयात उंचीची अट गेली. वयाची अट चौदावर आली, पण राहिली. दरम्यान २०१५ मध्ये राज्य शासनाने दहीहंडीला साहसी खेळ ठरवले होते. २०२२ मध्ये तशी घोषणा पुन्हा झाली.

'साहस' या शब्दाकडे भाषेच्या शिक्षकांनी तरी जरा थांबून पाहावे. धर्मशास्त्रात तो अठरा विवादपदांपैकी एक होता: बळाच्या जोरावर केलेले कृत्य, दंडास पात्र. आज त्याच शब्दाने खेळ गौरविला जातो. या अर्थांतराचा आम्हांस आनंदच आहे; परंतु बळ कोणाचे आणि अंग कोणाचे, हा जुना प्रश्न शब्दाबरोबर निघून गेला असे काही आम्हांस वाटत नाही.

गुरुपौर्णिमेला सराव सुरू होतो. आता चौदा पूर्ण झालेला, तरी अंगाने हलका असा मुलगा शोधावा लागतो.