परतीचे निमंत्रण



तारापूरचा किल्ला आपल्या गावातला, म्हणून तो आपला, असे आपण सहज म्हणतो. पण जवळजवळ दोन शतके तो दुसऱ्या कोणाचे तरी परमुलखातले ठाणे होता. सात समुद्रांपलीकडून आलेले पोर्तुगीज शिपाई त्याच्या तटावर पहारा देत होते. जानेवारी 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने तो घेतला. त्या हातघाईत बाजी भिवराव कामास आले. पुढे मे महिन्यात वसई पडली आणि तहाप्रमाणे तिथल्या शिबंदीला मानाने बाहेर पडू देण्यात आले. त्या शिबंदीतल्या एखाद्या शिपायाला म्हातारपणी वाटले असते की, आपली उमेदीची वर्षे जिथे गेली ते ठाणे सोबत्यांबरोबर एकदा पुन्हा पाहावे, तर त्याला इथे कोणी बोलावले असते काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी तयार आहे. तेव्हा आपण तोच प्रश्न आपल्या शिपायांविषयी विचारून पाहू. आपला शिपाईही परमुलखात गेला. तिथे त्याला पुन्हा कोण बोलावतो, आणि का बोलावतो?

जुने सैनिक जमावाने रणभूमीकडे परत जाऊ लागले ते मुख्यतः पहिल्या महायुद्धानंतर. ऑगस्ट 1928 मध्ये ब्रिटिश माजी सैनिकांच्या संघटनेने सुमारे 11,000 माणसे, त्यांत लढलेले सैनिक आणि मेलेल्यांचे नातलग, फ्रान्स आणि बेल्जममध्ये नेली. त्याला त्यांनी यात्रा असेच म्हटले. आपल्याकडे वारीला दिंडी निघते तशीच ही दिंडी, फक्त देवाऐवजी थडग्यांकडे निघालेली. पण अशा दिंडीला तीन गोष्टी लागतात: प्रवासाचा खर्च, डोके टेकायला नाव कोरलेला दगड, आणि वेशीवर सामोरा येणारा यजमान. आपल्या कोकणातल्या आणि देशावरच्या शिपायापाशी यांपैकी काय होते?

हे पाहण्यासाठी एकच पलटण घेऊ. पहिल्या महायुद्धात तिचे नाव 110 वी मराठा लाइट इन्फन्ट्री. जनरल टाउनशेंडच्या फौजेबरोबर ती मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडली. 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत तो वेढा चालला. शेवटी उपाशी पोटी सुमारे 13,000 माणसे तुर्कांना शरण गेली आणि त्यांतली हजारो पुढे वाळवंटातल्या तंगडतोडीत आणि बंदिवासात मेली. कुतच्या रहिवाशांनी या शिपायांना बोलावले नव्हते. साम्राज्याने धाडले म्हणून ते गेले होते. त्यांना पुन्हा बोलावणार तरी कोण?

बरे, दगडावर नाव तरी आहे काय? मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची थडगी ठाऊक नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी 1929 मध्ये बसरा येथे स्मारक उभारले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली, गोऱ्या शिपायांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा घातला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या समितीने 2021 मध्ये आपल्या अहवालात ही विषमता कबूल केली. हिंदी, आफ्रिकी आणि इतर मिळून 45,000 ते 54,000 मृतांचे स्मरण दुय्यम रीतीने झाले आणि निदान 1,16,000 माणसांची नावे कदाचित कुठेच नोंदली गेली नाहीत, असा त्या समितीचा अंदाज आहे. मी कामगार संघटनेतला माणूस असल्यामुळे माझी नजर आधी हजेरीपटाकडे जाते. ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, त्याने दहा वर्षे राबूनही तो कारखान्यात कधी आलाच नव्हता असे म्हणता येते. बोईसरच्या ठेकेदारी कामगाराला हे वेगळे समजावून सांगायला नको. साम्राज्याने आपल्या मेलेल्या मजुरांचा हिशेब असाच ठेवला होता.

महायुद्धानंतर 1922 मध्ये सैन्याची फेररचना झाली आणि हीच पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. 1941 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिने एरिट्रियात केरेनचे उघडे डोंगर चढून इटालियनांशी झुंज दिली. मग ती इटलीत गेली. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. तुकडीचे इतर सर्व जवान मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावत गेले, त्यांनी ती मशीनगन बंद पाडली आणि शेवटी शत्रूच्या गोळ्यांनी ते तिथेच पडले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा मुलगा. वय अवघे 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण थडगे नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नाव तेवढे आहे. इटलीत 50,000 हून अधिक हिंदी सैनिक लढले आणि 5,782 कामी आले. जुलै 2023 मध्ये, म्हणजे 79 वर्षांनी, मोन्तोने गावाने घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. निमंत्रण आले खरे, पण ज्यांनी जायचे त्यांच्या पिढीतले फारच थोडे तोपर्यंत उरले होते.

आता त्याच पलटणीची पुढची कथा ऐका. ती छत्रीधारी सैन्यात गेली आणि 2 पॅरा (मराठा) झाली. 11 डिसेंबर 1971 रोजी तिचे जवान टांगाईलजवळ छत्रीने उतरले, तेव्हा कादर सिद्दिकींच्या मुक्तिवाहिनीने आणि आसपासच्या गावकऱ्यांनी त्यांना हात दिला. शेतकऱ्यांनी सामान वाहिले, वाटा दाखवल्या. त्याच सुमारास जमालपुरात 1 मराठा लाइट इन्फन्ट्रीने पाकिस्तानी पलटणीची माघार अडवली. तिथे शत्रूला शरण येण्याचे पत्र पोचवले ते एका स्थानिक मुक्तियोद्ध्याने सायकलवरून. 16 डिसेंबरला 2 पॅरा ढाक्यात सर्वांआधी शिरली आणि त्याच दिवशी पाकिस्तानी फौज शरण आली.

इथून खरा फरक सुरू होतो. विजय मिळाल्यावर भारतीय फौज किती दिवस थांबली? 12 मार्च 1972 रोजी ढाक्यात निरोपाचे संचलन झाले आणि फौज परत फिरली. तीन महिनेसुद्धा पुरे झाले नव्हते. परमुलखात जिंकलेली फौज इतक्या लवकर आपण होऊन निघून गेली, अशी उदाहरणे इतिहासात फार नाहीत. गेली अनेक वर्षे विजयदिनाला आपले वृद्ध सैनिक गटाने ढाक्याला जातात आणि तिकडचे मुक्तियोद्धे कोलकात्याला येतात, यामागचे कारण माझ्या मते हे आहे. एप्रिल 2017 मध्ये बांगलादेशाने 1,661 भारतीय हुतात्म्यांना नावानिशी गौरवायचे ठरवून पहिल्या सात कुटुंबांना दिल्लीत मानपत्रे दिली. बसऱ्याचा आकडा आणि ही नावे शेजारी ठेवून पाहा. ऑगस्ट 2024 मध्ये ढाक्यात सत्तांतर झाले, दोन्ही सरकारांत कटुता आली, तरीही त्या डिसेंबरात म्हाताऱ्या योद्ध्यांची ये-जा झाली. सरकारांचे बिनसले तरी सैनिकांचा शेजारधर्म टिकला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. 1987 मध्ये आपली शांतिसेना श्रीलंकेत उतरली. तिथे 1,100 हून अधिक जवान गेले, त्यांत 8 महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन होते. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. शौर्यात तसूभर उणीव नव्हती. पण फौज रेंगाळली, यजमानालाच ती नकोशी झाली आणि मार्च 1990 मध्ये ती परतली. कोलंबोजवळ स्मारक आहे, मार्च 2015 मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुलेही वाहिली, पण ढाक्यासारखा वार्षिक उत्सव तिथे रुजला नाही. आणि सप्टेंबर 2007 मध्ये 1857 च्या दीडशेव्या वर्षी इंग्रजांच्या वंशजांचा आणि माजी सैनिकांचा एक गट मेरठ-लखनौला आपल्या पूर्वजांना वंदन करायला आला, तेव्हा निदर्शने झाली आणि त्यांना कार्यक्रम आवरता घ्यावा लागला. त्या माणसांचे दुःख खोटे नव्हते. पण त्यांचे पूर्वज इथे आपण होऊन कधी निघायला तयार नव्हते, हे लखनौ विसरले नव्हते.

माझे म्हणणे एवढेच आहे. शिपाई शूर होता की नव्हता यावर त्याचे परत जाणे ठरत नाही. ते ठरते त्याला कोणी धाडले, कोणासाठी धाडले आणि वेळेवर माघारी बोलावले की नाही, यावर. हे तिन्ही निर्णय शिपायाच्या हातात नसतात. ते राज्यकर्त्यांचे असतात, आणि लोकशाहीत राज्यकर्ते आपण निवडतो. म्हणून परमुलखात फौज धाडण्याचा प्रश्न जेव्हा जेव्हा निघेल, तेव्हा विजय किती दिवसांत मिळेल एवढेच विचारून थांबू नका. आपली माणसे पन्नास वर्षांनी तिथे पाहुणे म्हणून जाऊ शकतील काय, हेही विचारा.

आणि एक काम आपल्या हातातले. पालघर, डहाणू, वसईच्या गावांतून कोण कोण कुठल्या पलटणीत होते, कुठे लढले, कुठे राहिले, हे त्यांच्या घरच्या माणसांना विचारून लिहून काढा. पेन्शनचे पुस्तक, पदक, एखादे पिवळे पडलेले पत्र, जे सापडेल त्याची नोंद करा. ग्रामपंचायतीत आणि वाचनालयात तो हजेरीपट ठेवा. बाहेरचे निमंत्रण येईल तेव्हा येईल. निदान आपल्या गावात तरी आपला शिपाई नुसता आकडा राहू नये.