दोन कार्बोरेटर, दोन स्पोक

आमच्या मामाची राजदूत ३५० घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. दिसायच्या आधी ती ऐकू यायची. तिचे दोन कार्बोरेटर जुळवायला आम्ही घरी जे अवजार केलं, त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. अवजार कसलं, सायकलचे दोन स्पोक! पण त्यामागे थोडा इतिहास आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुणेकर तुम्हाला सोडेल होय?

पुणं म्हणजे स्कूटर आणि लूनाचं गाव. बजाजची चेतक १९७२ साली आली, फिरोदियांची लूनाही त्याच साली. स्कूटरसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची, अशी तेव्हाची रीत. या गाड्यांना सिलिंडर एक आणि कार्बोरेटरही एकच. बुलेटचंही तेच, आणि सायलेन्सर दोन असले तरी २५० सीसीच्या येझदीचंही तेच. त्यामुळे कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला कार्बोरेटर साफ करायची सवय असे. एकाला दुसऱ्याशी जुळवायची वेळच येत नसे.

१९८३ साली एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५०चा देशी अवतार राजदूत या नावाने आणला. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर आणि प्रत्येकाला स्वतंत्र कार्बोरेटर. 'हाय टॉर्क' गाडीची ताकद ३० अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे तेव्हाच्या बुलेटच्या दीडपटीहून जास्त. पेट्रोल मात्र ढसाढसा प्यायची. १९९०च्या सुमारास ती बंद झाली. गाड्या राहिल्या, आणि त्यांना जपणारी मामासारखी माणसंही राहिली.

आता खरी गोम. हँडलपासून अ‍ॅक्सिलरेटरची केबल एकच निघते आणि पुढे तिला फाटे फुटतात. दोन फाटे दोन कार्बोरेटरांकडे, तिसरा ऑइल पंपाकडे. मूठ पिळली की दोन्ही कार्बोरेटरांतल्या स्लाइड एकाच क्षणी उचलल्या गेल्या पाहिजेत. केबल ताणली जाते, झिजते, आणि एक स्लाइड आधी उठायला लागते. मग औताला जुंपलेल्या जोडीतला एकच बैल ओढतो आणि दुसरा नुसता चालतो, तसं होतं. गाडी थरथरते, एका सिलिंडरवर जादा भार पडतो, तोच जास्त तापतो. टू-स्ट्रोकमध्ये फार तापलेला पिस्टन जाम होऊ शकतो, आणि तोही भर वेगात. म्हणजे प्रश्न नुसत्या आवाजाचा नव्हता, चालवणाऱ्याच्या हाडांचाही होता.

आमचा उपाय असा. इंजिन बंद. एअर फिल्टरकडचे रबरी पाइप काढायचे. सारख्या लांबीचे दोन स्पोक दोन्ही कार्बोरेटरांच्या तोंडातून आत सरकवून एकेका स्लाइडखाली अडकवायचे. आता मूठ अगदी हळू पिळायची. स्लाइड उचलली की स्पोकचं बाहेरचं टोक खाली झुकतं. दोन्ही टोकं एकदम झुकली तर जोडी जुळली. एक आधी झुकलं, तर कार्बोरेटरच्या डोक्यावरचा केबलचा अ‍ॅडजस्टर थोडा फिरवायचा आणि पुन्हा बघायचं. केसाएवढा फरकही लांब टोकाशी मोठा दिसतो. शेवटी ऑइल पंपाची खूण तपासायची. खर्च? जवळजवळ शून्य.

फोर-स्ट्रोक गाडीला, जिच्या इनटेकवर व्हॅक्यूम बघायची भोकं असतात, दुसरी युक्ती आहे. बोहरी आळीतून आणलेली लांब पारदर्शक नळी फळीवर यू आकारात बांधायची, मध्ये थोडं टू-स्ट्रोक ऑइल भरायचं आणि दोन टोकं दोन इनटेकना जोडायची. इंजिन चालू केलं की ज्या बाजूची ओढ जास्त, त्या बाजूला तेल चढतं. दोन्हीकडची पातळी एक झाली की काम फत्ते. पाण्याऐवजी तेल घ्यायचं, कारण चुकून आत ओढलं गेलंच तर धूर होऊन जातं. गवंडी पाण्याच्या नळीने दोन भिंतींची पातळी बघतो, तिचीच ही चुलतबहीण.

टॉरिचेलीने १६४३ साली पाऱ्याच्या नळीने हवेचा दाब दाखवला. तिथून आकडा आला, ७६ सेंटीमीटर. पण आमच्या नळीला आकडा नकोच असतो. ती 'किती?' विचारत नाही, 'सारखं आहे का?' एवढंच विचारते. मला यातली गंमत हीच वाटते. मोजायला प्रमाण लागतं, प्रमाणित गेज लागतं, ते घ्यायला पैसे लागतात. तुलनेला फक्त दोन गोष्टी शेजारी ठेवाव्या लागतात. ज्याच्याकडे गेज नव्हतं, त्यालाही खरं-खोटं ठरवता येत होतं, तेही स्वतःच्या डोळ्यांनी.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. हवेसाठी हे चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. आता मेकॅनिक स्कॅनर लावतो आणि पडद्यावर आकडा येतो. आकडा बरोबर असेलही, पण तो मानावा लागतो. स्पोक मात्र दिसायचे.

असो. नाना पेठेत सुटे भाग शोधत फिरणारी माणसं अजून भेटतात. अशी जुनी गाडी तुमच्या घरी असेल, तर ती जुळवायची रीत कोणीतरी हातात हात धरून शिकून घ्या. स्पोक कुठेही मिळतात.