आंबवणाच्या मडक्यापासून कंपनीच्या पोत्यापर्यंत



निपाणीच्या तंबाखूवर, बेळगावच्या कुंद्यावर, बासमतीवर आपल्या ग्रुपवर भरपूर लिहून झालं. कोंबडीवर मात्र कुणी लिहिलेलं दिसलं नाही. रविवारी रस्सा सगळ्यांना लागतो, पण ती कोंबडी काय खाऊन मोठी झाली हे कोण विचारतंय? मी कॉमर्सचा पदवीधर. बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, त्यामुळं कोंबडी मला आधी खर्चाच्या कागदावर दिसते. त्या कागदावरचा सगळ्यात मोठा आकडा खाद्याचा. ब्रॉयलरवर शंभर रुपये खर्च झाले तर त्यातले साधारण पासष्ट ते सत्तर खाद्यात जातात.

आमच्या लहानपणी हा आकडा जवळजवळ शून्य होता. चिकोडी, हुक्केरी, निपाणीकडच्या खेड्यांत घराच्या मागं पाच-दहा गावठी कोंबड्या असायच्या. दिवसभर उकिरडा उकरायच्या, रात्री डालग्याखाली. जोडीला घरातलं आंबवण. आंबील आपल्याला सांगायला नको. यल्लम्माच्या आंबील-घुगऱ्या कुणी खाल्ल्या नाहीत? ज्वारीचं नाहीतर नाचणीचं पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी आंबूस झालं की शिजवायचं. मडक्याच्या तळाला उरलेलं कोंबड्यांना. कण्या, तांदळाची चुरी, कोंडा हेही आज्जी त्याच आंबट पाण्यात रात्रभर भिजत टाकायची. अंड्यांचे पैसे बायकांचे, त्याचा हिशेब कुणी मागत नसे.

ही निव्वळ काटकसर नव्हती. धान्यात, विशेषतः कोंड्यात, फॉस्फरस असतो, पण तो फायटेट नावाच्या रूपात बांधलेला असतो. कोंबडीला तो नीट सोडवून घेता येत नाही. आंबताना ही गाठ बरीचशी सुटते. शिवाय दह्यात होतं तसं लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि त्या आंबटपणात बरेच घातक जंतू वाढत नाहीत. डेन्मार्क, नेदरलँड्समध्ये डुकरांना असं आंबवलेलं पातळ खाद्य मोठ्या प्रमाणावर देतात. आपल्याकडं त्याला कुणी शास्त्र म्हटलं नाही, एवढंच.

मग आला ब्रॉयलर. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढं पुणे त्यांचं मुख्य ठाणं झालं आणि पांढरी पिल्लं हायवेनं आमच्याकडं पोचू लागली. २ ऑक्टोबर १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभर सगळ्या विकास गटांत लागू झाला, १९८२ मध्ये नाबार्ड आली. बँकांना शेतीपूरक धंद्यांना कर्ज द्यायचं होतं. इकडं निपाणीत १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी हायवेवर बसले होते, गोळीबारात माणसं गेली होती. एका पिकावर आणि दुसऱ्यानं ठरवलेल्या भावावर जगणं किती अवघड, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. साहजिकच पोल्ट्रीच्या कर्जाचे अर्ज यायला लागले.

माझ्या एका कर्जदाराची पाचशे पक्ष्यांची शेड होती. दुकानदाराकडची खाद्याची उधारी फुगली तेव्हा त्यानं म्हातारीचा उपाय काढला. मका भरडायचा, दोन पिंपांत पाणी आणि थोडं ताक घालून दोन दिवस ठेवायचा, आणि रोजच्या खाद्यातला चौथा हिस्सा हा द्यायचा. पक्षी वजनाला आठवडाभर मागं राहिले, पण पोत्यांची संख्या कमी झाली आणि हप्ता वेळेवर आला. पावसाळ्यात मात्र एका पिंपाला बुरशी आली. ते त्यानं सरळ ओतून दिलं, आणि तेच बरोबर. आंबट वास चालतो, बुरशीचा चालत नाही.

पाचशेला जमलं ते पाच हजाराला जमत नाही, हे सरळ गणित आहे. आजचा ब्रॉयलर सुमारे चाळीस दिवसांत दोन किलोचा होतो आणि त्यासाठी सव्वातीन किलोच्या आसपास खाद्य खातो. पाच हजार पक्ष्यांना सोळा टन. तेवढं भिजवायचं तर तितकंच पाणी, रोजची पिंपं धुणं, ओलं खाद्य सांडून तूस भिजलं की अमोनियाचा वास आणि आजार. शिवाय नुसतं धान्य पुरत नाही, प्रथिनासाठी सोयापेंड लागतेच.

त्याहून मोठी अडचण मालकीची. करार पद्धतीत पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, वीज आणि मेहनत शेतकऱ्याची, त्याला किलोमागं संगोपनाचे पैसे. यात फायदाही आहे, भाव पडला तर तोटा बराचसा कंपनीचा. मार्च २०२० मध्ये करोनाच्या अफवेनं भाव कोसळले तेव्हा गोकाक तालुक्यातल्या एका पोल्ट्रीवाल्यानं हजारो कोंबड्या जिवंत पुरल्या, ते आपण बातम्यांत पाहिलं. पण करारातल्या माणसाला पोत्यात काय आहे हे ठरवता येत नाही. पिंप ठेवायची मुभाच नाही.

गंमत म्हणजे आंबवलेलं धान्य आता त्याच पोत्यातून परत आलंय. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं ठरलं. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसावर बंधनं आली आणि डिस्टिलऱ्या मक्याकडं वळल्या. २०२४ मध्ये आपल्या देशाला मका आयात करावा लागला. मका आंबवून अल्कोहोल काढल्यावर उरतो तो वाळवलेला चोथा, डीडीजीएस. मक्यात आठ-नऊ टक्के प्रथिनं, तर यात सत्तावीस-अठ्ठावीस. सोयापेंडीपेक्षा स्वस्त, म्हणून खाद्यात घालतात. पण पिष्ट निघून गेल्यावर मूळ मक्यातलं बुरशीचं विष सुमारे तिप्पट दाट होतं, आणि लायसिनही कमी पडतं. म्हणून तपासून, बेतानंच घालावं लागतं.

आज्जीच्या मडक्यात धान्याचं सगळं सत्त्व कोंबडीच्या पोटात जायचं. आता सत्त्व गाडीच्या टाकीत जातं आणि चोथा कोंबडीला. मी याला सरसकट वाईट म्हणणार नाही. मक्याला भाव मिळाला, आणि मका पिकवणारेही आपलेच. पण कितीतरी घरांत मका आणि पोल्ट्री दोन्ही आहेत. एका खिशात आलेलं दुसऱ्या खिशातून जातंय, हे त्यांनी वहीत मांडून बघावं.

माझं म्हणणं एवढंच. शेडवाल्याला आंबवणाचा आग्रह नको. पण परड्यात दहा-वीस गिरिराज नाहीतर गावठी पाळणाऱ्या घरानं मडकं जरूर ठेवावं. तिथं खाद्य अजून आपल्या हातात आहे, आणि ज्याच्या हातात खाद्य त्याचाच धंदा.

तुमच्या घरी कोंबड्यांना काय घालायचे? आई, आज्जी, आक्कांना विचारा आणि खाली लिहा. ही माहिती कुठल्या खातेवहीत नोंदलेली नाही, ती त्यांच्याकडंच आहे.