आसरा आणि हक्क

दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमधील काही कुटुंबांनी ज्यू मुलांना घरात लपवून वाचवले. हा इतिहास बहुधा दयाळू माणसांची कथा म्हणून सांगितला जातो. ती कथा खोटी नाही. पण ज्यांना वाचवले तो समाज तीत केवळ दयेचा विषय होऊन बसतो. म्हणून हा इतिहास पुन्हा तपासला पाहिजे.

मे १९४० मध्ये जर्मन सैन्याने हॉलंड ताब्यात घेतले, तेव्हा तेथे सुमारे १,४०,००० ज्यू राहत होते. डच कचेऱ्यांनी त्यांची नोंदणी चोख केली. ओळखपत्रांवर 'जे' हे अक्षर उमटले. फेब्रुवारी १९४१ मध्ये आम्स्टरडॅमच्या कामगारांनी ज्यूंच्या धरपकडीविरुद्ध संप पुकारला. तो बळाने मोडण्यात आला. जुलै १९४२ पासून मृत्युछावण्यांकडे आगगाड्या सुटू लागल्या आणि युद्ध संपेतो एक लाखाहून अधिक ज्यू मारले गेले. म्हणजे दर चौघांतील तिघे! पश्चिम युरोपातील दुसऱ्या कोणत्याही देशात हे प्रमाण इतके नव्हते. याच देशातील सुमारे ६,००० माणसांचा ज्यूंना वाचवल्याबद्दल इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने पुढे गौरव केला. हे दोन्ही आकडे एकत्रच वाचावे लागतात.

आम्स्टरडॅममध्ये पकडलेल्या ज्यूंना एका नाट्यगृहात कोंडले जाई. लहान मुलांना मात्र रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात ठेवीत. या पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल ज्यू होत्या, तेथील परिचारिका ज्यू होत्या आणि नाट्यगृहातील नोंदींतून मुलांची नावे गाळणारे वाल्टर झ्युस्किंड हेही ज्यूच होते. परिचारिका आईबापांना विचारीत, मूल आमच्या हाती द्याल का? पुन्हा भेट होईल याची खात्री नसताना ज्यांनी होकार दिला, त्यांचा निर्णय या इतिहासातील पहिली कृती होय. मग पिशवीतून, कपड्यांच्या टोपलीतून, मधून जाणाऱ्या ट्रामच्या आडोशाने मुले बाहेर निघत. शेजारच्या अध्यापक विद्यालयाच्या बागेतूनही ती जात. तेथील योहान फान हुल्स्ट यांनी ती वाट मोकळी ठेवली. अशी सुमारे ६०० मुले वाचली. पिमेंटेल यांना सप्टेंबर १९४३ मध्ये आउश्वित्झला मारण्यात आले. झ्युस्किंड १९४५ मध्ये मरण पावले.

बाहेर विद्यार्थ्यांचे गट मुलांना घरोघरी पोचवीत. सोनेरी केसांची मुले उत्तरेला फ्रीसलंडकडे, काळ्या केसांची दक्षिणेला लिम्बुर्गच्या खाणकामगारांकडे, म्हणजे ती तेथील मुलांत मिसळून जातील. रॉटरडॅमच्या बॉम्बहल्ल्यात घर गेलेले मूल, असे शेजाऱ्यांना सांगितले जाई. पकडून देणाऱ्यास बक्षीस मिळे, तरी या कुटुंबांनी रेशनच्या अन्नात एक वाटेकरी वाढवला. हे धैर्य कोणत्याही मापाने थोरच होते. काही घरांत मात्र मुलांना राबवून घेतले गेले, मारहाणही झाली. तीही नोंद इतिहासाने ठेवली पाहिजे.

खरा प्रश्न १९४५ नंतर उभा राहिला. सुमारे २,००० मुलांचे आईबाप परतलेच नाहीत. त्यांचे पालकत्व ठरवण्यासाठी सरकारने आयोग नेमला; त्यात बहुमत ज्यू नसलेल्यांचे होते आणि प्रतिकार चळवळीतील खीसिना फान डर मोलेन त्याच्या प्रमुख होत्या. मुलाला लळा लागला आहे, त्याला पुन्हा उपटू नका, असे एक बाजू म्हणे. आमच्या समाजाची माणसे मारली गेली, आता उरलेली मुलेही जाणार काय, असे दुसरी बाजू विचारी. बहुतेक मुले अखेर ज्यू नातलगांकडे किंवा संस्थांकडे गेली, काही शेकडो पालक कुटुंबांतच राहिली. दोन्हीकडे दुःख होते. पालक आईच्या कुशीतून ओढून नेलेल्या मुलाचे रडणे खोटे कसे म्हणावे? पण ज्यांच्यावर घाला पडला, त्यांनाच त्यांच्या मुलांविषयी आपली बाजू सिद्ध करावी लागावी, यात न्याय कोणता?

आसरा देणाऱ्याचे ऋण मोठे असते. परंतु त्या ऋणापोटी आसरा घेणाऱ्याचे नाव, त्याचे पूर्वज आणि स्वतःविषयी बोलण्याचा त्याचा हक्क गहाण पडत नाही. पिमेंटेल आणि त्यांच्या परिचारिकांची नावे पहिल्या पानावर लिहून मगच डच कुटुंबांच्या औदार्याचे पान उलटावे. असे केल्याने त्या कुटुंबांचा मोठेपणा तिळभरही उणा होत नाही.